मालबोर्कचा वीटकिल्ला: जुने किती, नवे किती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पोलंडमधील मालबोर्कच्या किल्ल्यावर जो सचित्र लेख प्रसिद्ध झाला, त्यात हा किल्ला ‘सातशे वर्षे जसाच्या तसा उभा आहे’ असे विधान आहे. त्यावर पुढच्याच आठवड्यात एका वाचकाचे पत्र छापून आले आणि त्यात, दुसऱ्या महायुद्धात किल्ला उद्ध्वस्त झालेला असल्यामुळे आज दिसते ती सारी ‘नव्या विटांची नक्कल’ आहे, असे ठणकावून सांगण्यात आले. माझ्या मते दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि गंमत अशी की ती परस्परविरोधी असूनही एकाच समजुतीतून निघाली आहेत. इमारत एक तर मूळची असते किंवा बनावट असते, तिसरी शक्यताच नसते, ही ती समजूत. मालबोर्कचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास हा नेमका त्या तिसऱ्या शक्यतेचा इतिहास आहे. तो लेखातही आला नाही आणि पत्रातही, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम किल्ल्याच्या मूळ उभारणीविषयी. व्हिस्तुला नदीच्या मुखाजवळ तिला नोगात नावाचा फाटा फुटतो आणि त्याच्या काठावर हा किल्ला आहे. ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने तेराव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात त्याचे काम सुरू केले. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेले, पण हाती तलवार धरणारे हे लोक असल्याने त्यांचे घर म्हणजे अर्धा मठ आणि अर्धा गड, अशी रचना झाली. १३०९ मध्ये संघाचा प्रमुख, म्हणजे ग्रँडमास्टर, सिगफ्रीड फॉन फॉयख्टवांगन याने आपले ठाणे व्हेनिसहून येथे हलवले आणि एका मध्यम आकाराच्या मठाचे रूपांतर एका राज्याच्या राजधानीत झाले. मूळचा चौकोनी मठ तो वरचा किल्ला ठरला, त्याच्या उत्तरेला सभागृहे आणि ग्रँडमास्टरचा प्रासाद असलेला मधला किल्ला वाढला, आणि त्यापलीकडे कोठारे, शस्त्रागार व कारखाने सामावणारा खालचा किल्ला पसरला. मधल्या किल्ल्यातील मोठ्या भोजनगृहाचे कमानी छत तीन सडपातळ खांबांवर तोललेले आहे. त्या दालनाच्या तळाशी भट्टी असे, तिच्यात रचलेले दगड तापवले जात आणि फरशीतल्या भोकांवाटे उष्ण हवा वर सोडली जाई. इतक्या वैराग्याच्या शपथा घेतलेल्या मंडळींनी पाय शेकण्याची एवढी चोख व्यवस्था केली होती, हे वाचून थोडे हसू येते.

एवढे प्रचंड बांधकाम विटांत का केले, याचे उत्तर भूगोलात आहे. आपल्या डोळ्यांना दगडी तटांची सवय असल्याने वीट म्हटली की काहीतरी दुय्यम, हलके, असे मनात येते. परंतु बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या त्या सपाट मुलखात खाणीतून काढावा असा बांधकामाचा दगडच नाही. हिमनद्यांनी उत्तरेकडून वाहून आणून टाकलेले ग्रॅनाइटचे गोटे तेवढे मिळत. ते पाया आणि जोते यांच्या कामी आले. कोरीव कामासाठी लागणारा चुनखडक गोटलंड बेटावरून जहाजाने आणावा लागे. बाकी सारे चिकणमातीचे. त्या मातीची वीट साधारण ३० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि ९ जाड, म्हणजे हातात घेतल्यावर मनगटाला वजन जाणवावे अशी. साच्यात माती दाबल्यावर वर उरलेला चिखल कारागीर बोटांनी ओढून काढी, आणि बोटांचे ते लांबट चर भाजल्यावर कायम राहत. एरवी हे चर चुन्याच्या थराखाली झाकलेले असतात. भिंत फुटली की मात्र दिसू लागतात. सुरुवातीच्या भिंतींत दोन विटा लांबीने आणि एक रुंदीने अशी सांधमोड आढळते, तर पुढच्या काळातील भिंतींत एक लांबीने व एक रुंदीने. जादा भाजून काळपट, काचेसारख्या झालेल्या खंगर विटा टाकून न देता त्यांची चौकटीदार नक्षी भिंतीत गुंफली जाई. ज्याला हे वाचता येते, त्याला भिंतीचे वय सांगण्यासाठी मार्गदर्शकाची गरज पडत नाही. ‘नव्या विटांची नक्कल’ म्हणणाऱ्या पत्रलेखकांनी हा तपशील ध्यानात घेतला असता, तर जुने आणि नवे डोळ्यांनी वेगळे करता येते हे त्यांना मान्य करावे लागले असते.

किल्ला लढून जिंकला जाणे कठीणच होते. १५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्डच्या रणांगणावर पोलंड व लिथुआनिया यांच्या सैन्याने संघाचा धुव्वा उडवला, खुद्द ग्रँडमास्टर उलरिख फॉन युंगिंगेन मारला गेला, तरीही संघाचा अधिकारी हाइनरिख फॉन प्लाउएन याने घाईने मालबोर्क गाठून, शत्रूला आसरा मिळू नये म्हणून शेजारचे शहर स्वतःच जाळून टाकले आणि किल्ला सप्टेंबरपर्यंत झुंजवला. पोलंडचा राजा व्वादिस्वाव यागिएलो याला अखेर वेढा उठवावा लागला. तटबंदीने जे राखले ते पुढे रिकाम्या तिजोरीने घालवले. पुढे पोलंड आणि संघ यांच्यात झालेल्या ‘तेरा वर्षांच्या युद्धा’त पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांकडे संघाने किल्ला गहाण ठेवला होता; त्या सैनिकांनी तो पोलंडचा राजा चौथा काझिमिर याला १,९०,००० फ्लोरिनना विकला आणि १४५७ मध्ये राजाने त्यात प्रवेश केला. तेथून १७७२ पर्यंत, म्हणजे ३१५ वर्षे, तो पोलंडच्या राजांकडे राहिला. ट्यूटॉनिक ग्रँडमास्टरांचे वास्तव्य १४८ वर्षांचे. हा आकडा मी मुद्दाम देतो, कारण आपल्या लेखात किल्ल्याचा पोलिश काळ एका वाक्यात आटोपला आहे.

१७७२ मध्ये पोलंडच्या पहिल्या फाळणीत हा प्रदेश प्रशिया या जर्मन राज्याला मिळाला आणि किल्ल्याची खरी दुर्दशा सुरू झाली. ती तोफांनी केलेली नव्हती, कचेऱ्यांनी केलेली होती. सैनिकांच्या बराकी झाल्या, भव्य दालनांत कवायती झाल्या, ग्रँडमास्टरच्या प्रासादात भिंती घालून विणकरांसाठी खोल्या पाडल्या गेल्या. १८०१ नंतर वरच्या किल्ल्यातील मध्ययुगीन कमानी छते फोडून तेथे कोठारासाठी मजले घालण्यात आले. धान्य साठवायला ते सोयीचे होते, एवढेच त्यामागचे कारण. तत्पूर्वी, १७९४ मध्ये, सरकारी वास्तुविशारद डेव्हिड गिली पाहणीसाठी आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा तरुण मुलगा फ्रीडरिख होता. बाप या इमारतीचा उपयोग काय करावा याचा हिशेब मांडत असताना मुलगा तिची चित्रे काढत होता. ती चित्रे १७९५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि पुढे फ्रिक याने कोरलेल्या छापील प्रतींच्या रूपाने पसरली. ज्या वास्तूकडे सरकार विटांचा साठा म्हणून पाहत होते, तिच्याकडे लोक त्या चित्रांमुळे कलाकृती म्हणून पाहू लागले. फ्रीडरिख १८०० मध्ये, अवघ्या २८ व्या वर्षी, वारला.

यानंतरची घटना संपादक म्हणून आपणास विशेष भावेल. ऑगस्ट १८०३ मध्ये माक्स फॉन शेंकेनडोर्फ या १९ वर्षांच्या तरुणाने बर्लिनच्या ‘डेअर फ्रायम्यूटिगे’ या पत्रात, प्रशियातील विध्वंसाच्या हव्यासाचे उदाहरण म्हणून मालबोर्कच्या तोडफोडीवर सडकून टीका केली. त्याच्या पाठीशी कोणते पद नव्हते की संस्था नव्हती. मजकूर छापून आला, मंत्र्यांपर्यंत पोहोचला, आणि १८०४ मध्ये राजाज्ञा निघून मोडतोड थांबली. वर्तमानपत्रातील मजकुराने काय होते, असे विचारणाऱ्यांना एवढा दाखला पुरे आहे.

मोडतोड थांबणे आणि दुरुस्ती होणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. दुरुस्ती १८१७ मध्ये सुरू झाली ती पश्चिम प्रशियाचा प्रांताधिकारी थिओडोर फॉन श्योन याच्या पुढाकाराने, लोकवर्गणीच्या आधारे. कार्ल फ्रीडरिख शिंकेल याच्यासारखा नामवंत वास्तुविशारद त्यात सल्लागार होता. परंतु या मंडळींच्या मनात मध्ययुगाचे जे रम्य चित्र होते, तेच त्यांनी भिंतींवर चढवले. जेथे पुरावा नव्हता तेथे कल्पनेने कंगोरे काढले, कळस बसवले. हेतू चांगला होता. इतिहासाशी मात्र ही तडजोडच होती.

खरा बदल झाला १८८२ मध्ये कॉनराड स्टाइनब्रेख्ट याच्याकडे काम आल्यावर, आणि माझ्या मते मालबोर्कच्या कथेतील सर्वांत महत्त्वाचा माणूस कोणी योद्धा नसून हा वास्तुविशारद आहे. चार दशके, १९२२ पर्यंत, तो येथेच राहिला. एखादी कमान उभारण्यापूर्वी तो मातीत उत्खनन करी, गाडलेले कोरीव तुकडे वेचून जुळवी, संघाच्या इतर किल्ल्यांची मोजमापे घेऊन ताडून पाही आणि मगच नकाशावर रेघ ओढी. आधीच्या पिढीने घातलेल्या कल्पनाविलासाची बरीच भर त्याने काढून टाकली. मध्ययुगीन मापाच्या विटा हाताने थापून घेतल्या, कारण यंत्रातून निघालेली गुळगुळीत, एकसारखी वीट जुन्या भिंतीत ठिगळासारखी उठून दिसते. सर्वांत मोलाचे म्हणजे, केलेल्या कामाची रेखाटने, छायाचित्रे आणि नोंदी त्याने ठेवल्या, आणि त्याच्यामागून आलेल्या बर्नहार्ड श्मिड याने ती शिस्त १९४५ पर्यंत पाळली. पुढे काय वाढून ठेवले आहे हे या दोघांना ठाऊक नव्हते, परंतु त्यांच्या कागदांवाचून पुढचे काहीच शक्य झाले नसते.

स्टाइनब्रेख्टही मोहापासून पूर्ण मुक्त होता असे नाही. वरच्या किल्ल्याच्या अंगणातील विहिरीवरचे छत आणि त्याच्या टोकावर पिलांना भरवणारा पेलिकन पक्षी पर्यटकांना फार आवडतो. तो मध्ययुगाचा नव्हे, जीर्णोद्धाराच्या काळाचा आहे. शिवाय हे काम निव्वळ विद्येच्या प्रेमापोटी चालले नव्हते. १९०२ मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म येथे आला आणि किल्ल्यातील चर्चच्या समारंभाच्या निमित्ताने त्याने पोलिश लोकांना हिणवणारे भाषण केले. पुढे नाझींनीही किल्ल्याच्या अंगणात आपले सोहळे भरवले. भिंत जितकी काळजीपूर्वक उभी राहिली, तितक्याच बेदरकारपणे तिचा राजकीय वापर झाला, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. दुरुस्ती उत्तम होती म्हणून तिच्यामागचे राजकारण धुऊन निघत नाही, तसेच राजकारण वाईट होते म्हणून कारागिरी खोटी ठरत नाही.

जानेवारी १९४५ च्या अखेरीस जर्मन सैन्याने किल्ल्यात ठाण मांडले आणि ९ मार्चपर्यंत तो लढवला. सोव्हिएत तोफखान्याचा मारा पूर्वेकडून होता, त्यामुळे वरच्या किल्ल्याची पूर्व बाजू, मुख्य मनोरा आणि मेरीमातेचे चर्च यांचा चुराडा झाला. एकूण बांधकामाचा निम्म्याहून अधिक भाग नष्ट झाला, असे मानले जाते. याचा अर्थ उरलेला मोठा भाग पडला नव्हता. ‘सारे नवे आहे’ असे म्हणता येत नाही, ते या कारणाने. त्या काळचा हिशेब पाहताना एक गोष्ट विसरता कामा नये. किल्ल्याला लागून असलेले मालबोर्कचे जुने शहरही बेचिराख झाले होते, आणि ते मात्र पुन्हा उभारले गेले नाही. तेथील ढिगाऱ्यांतल्या विटा वॉर्साच्या पुनर्बांधणीसाठी रवाना झाल्या. स्वतःची राजधानी उभी करायला विटा नसलेल्या देशाने, आपल्या शत्रूचे प्रतीक मानल्या गेलेल्या किल्ल्यासाठी पैसा का ओतावा, हा प्रश्न पोलंडमध्ये विचारला जाणे स्वाभाविक होते. १९५९ मध्ये मधल्या किल्ल्याच्या छपराला आग लागल्यावर मात्र निर्णय टाळणे अशक्य झाले, आणि १ जानेवारी १९६१ पासून तेथे संग्रहालय स्थापन होऊन काम हाती घेण्यात आले. जर्मन वास्तुविशारदांच्या नोंदी समोर ठेवून पोलिश कारागिरांनी तो किल्ला पुन्हा बांधला. पत्रलेखकांना यात नक्कल दिसते. मला तर शेजाऱ्याच्या वैरापलीकडे जाऊन पाळलेली कामाची निष्ठा दिसते.

वीटकामाच्या दुरुस्तीत कारागिराची परीक्षा विटेपेक्षा दरजांत, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत, होते. जुनी वीट सच्छिद्र असते. पाऊस-बर्फाचे पाणी ती थोडे शोषते आणि ते चुन्याच्या मऊ दरजांतून पुन्हा बाहेर पडते. त्या दरजा काढून सिमेंट भरले, तर वरून काम टिकाऊ दिसते, परंतु आत अडकलेले पाणी विटेतूनच वाट शोधते. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाशी साचतात, थंडीत तेच पाणी गोठून फुगते, आणि काही वर्षांत विटेचा दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. दरज शाबूत, वीट गेलेली, असे ते विचित्र दृश्य असते. पोलंडसारख्या कडक हिवाळ्याच्या मुलखात म्हणूनच चुना हे जुन्याचे वेड नसून भिंतीची गरज आहे. दरज मऊ असावी, म्हणजे झिजायचे ते तिने झिजावे आणि वीट वाचावी, असे यामागचे साधे तत्त्व आहे. दरज पुन्हा भरता येते. चौदाव्या शतकातील वीट पुन्हा आणता येत नाही.

जुन्या-नव्याच्या वादावर जागतिक पातळीवर काही संकेत ठरलेले आहेत, आणि त्यांचा उल्लेख दोन्ही लेखनांत यायला हवा होता. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार, जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि घातलेली भर एकूण रचनेशी सुसंगत असूनही मूळ भागापासून ओळखता आली पाहिजे. मालबोर्कचे बरेचसे काम या सनदेच्या कितीतरी आधीचे. तरीही १९९७ मध्ये युनेस्कोने किल्ल्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा आज सर्वमान्य असलेल्या अनेक संवर्धनपद्धती येथेच विकसित झाल्या, असे आवर्जून नमूद केले. युद्धोत्तर उभारणी आधीच्या जतनकारांच्या तपशीलवार दस्तऐवजांवरून झाली, हेही त्या नोंदीत आहे. म्हणजे पत्रलेखक ज्या जीर्णोद्धाराला कमीपणा मानतात, त्याचीच वारसा म्हणून दखल घेतली गेली.

मेरीमातेच्या चर्चचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. युद्धानंतर कित्येक दशके ते जखमी अवस्थेत राहिले; नॉर्वेच्या निधीतून मिळालेल्या साह्याने २०१४ ते २०१६ या काळात त्याचे काम झाले. तेथे छत पुन्हा घातले गेले, इमारत सुरक्षित झाली, परंतु मोडलेल्या शिल्पांना नवे चेहरे आणि नवे हात लावण्याचा हट्ट धरला गेला नाही. भंगलेले भंगलेलेच ठेवले आहे. चर्चच्या बाहेरच्या, पूर्वेकडील कोनाड्यात मात्र उलटा निर्णय झाला. तेथे चौदाव्या शतकात घडवलेली, पुढे रंगीत काचखड्यांनी मढवलेली, सुमारे ८ मीटर उंचीची मेरीमातेची मूर्ती होती; १९४५ मध्ये ती फुटली, आणि २०१६ मध्ये तिची संपूर्ण प्रतिकृती बसवण्यात आली. आत तुटलेपण राखले आणि बाहेर पूर्णत्व आणले, ही विसंगती आहे यात शंका नाही. रिकामा कोनाडा तसाच ठेवायला हवा होता असे म्हणणारे अभ्यासक असू शकतात, आणि माझाही कल त्यांच्याकडेच आहे. पण मूर्ती कधीची हे लपवलेले नाही, त्यामुळे तिला बनावट म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.

आपल्या लेखासोबतच्या तिसऱ्या छायाचित्रात नेमकी हीच मूर्ती आहे आणि तिच्याखाली ‘चौदाव्या शतकातील मूर्ती’ अशी ओळ छापली आहे. ती ‘१९४५ मध्ये नष्ट झालेल्या चौदाव्या शतकातील मूर्तीची २०१६ मधील प्रतिकृती’ अशी दुरुस्त करून पुढील रविवारी छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक